पाण्याआधीचा फोटो

डेपोत एखादी बस अडचणीच्या जागी अडकली, की पुरुष ड्रायव्हर आधी डोकं खाजवायचे, मग एकमेकांकडे बघायचे आणि शेवटी ड्रायव्हरबाईंना हाक मारायचे. बाई फारसं बोलायच्या नाहीत. जागेवर बसायच्या, दोन्ही आरसे आपल्या उंचीला लावून घ्यायच्या आणि ते एवढं धूड असं अलगद मागे घ्यायच्या, की आत कुणी झोपलेलं असतं तर त्याने कूसही बदलली नसती. आख्ख्या नोकरीत त्यांनी कुणाच्या सायकलच्या मडगार्डालाही ओरखडा काढला नव्हता. म्हणून यंदा डेपोने त्यांचा सत्कार केला आणि बक्षीस म्हणून कॅमेरा दिला. एरवी भिंतीवरचं घड्याळ द्यायची पद्धत. यंदा साहेबांना काय लहर आली कोण जाणे.

"घड्याळ परवडलं," सासूबाई खोक्यात डोकावून म्हणाल्या. "भिंतीला लावलं की काम झालं. हे शिकायला लागणार."

"मग शिकेन," बाई म्हणाल्या.

"आणि फोटो कुणाचे काढणार?"

बाईंच्या आधी त्यांची मुलगी बोलली. "माझे."

मुलीला घरीदारी सगळे भिंगरीच म्हणायचे. रांगायच्या वयापासून ती कधी एका जागी ठरली नव्हती. आता दहावीत गेली होती आणि शहराच्या तरणतलावावर उंच मनोऱ्यावरून सूर मारायची, हवेत गिरक्या घेत पाण्यात शिरायची. त्यामुळे नाव अगदी अंगाला बसल्यासारखं झालं होतं. मोठी स्पर्धा तोंडावर आली होती.

"सगळ्यांच्या घरचे फोनवर फोटो काढतात," ती म्हणाली. "सगळे अंधारे आणि हललेले. माझा एक तरी धड फोटो हवाय, आई. हवेतला. पाण्यात शिरायच्या आधीचा."

"काढते की," बाई म्हणाल्या खऱ्या, पण कॅमेऱ्याचं खोकं त्यांनी पुन्हा मिटून ठेवलं.

गोष्ट अशी होती, की भिंगरी लहान असताना एकदा तिचा अंदाज चुकला आणि ती वरून थेट पाठीवर आपटली. कोच मॅडमनी तिला बाहेर काढलं तेव्हा तिची पाठ भाजल्यासारखी लाल झाली होती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. तासाभरात पोरगी ठणठणीत झाली, पुढच्याच आठवड्यात पुन्हा मनोऱ्यावर चढली. बाई मात्र त्या दिवशी जिथे होत्या तिथेच राहिल्या. त्यानंतर त्या एकाही स्पर्धेला चुकल्या नाहीत, पहिल्या रांगेत बसायच्या, टाळ्या वाजवायच्या. फक्त भिंगरीचे पाय मनोऱ्यावरून सुटले, की बाईंचे डोळे आपोआप गच्च मिटायचे. पाण्याचा आवाज आला की उघडायचे. हे कुणालाच माहीत नव्हतं. माहीत व्हायचं कारणही नव्हतं, कारण त्या वेळी सगळे वर बघत असायचे.

आवाजावरून मात्र त्या पक्क्या तयार झाल्या होत्या. सूर चुकला, तर पाणी ढब्बकन वाजतं. बरा झाला, तर छपाक होतं. आणि अगदी सरळ शिरला, तर नवं कापड टरकवावं तसा छोटासा आवाज येतो आणि वर पाणी जवळपास उडतच नाही. तो आवाज आला की बाई डोळे उघडायच्या आधीच टाळ्या सुरू करायच्या.

पहिल्या रविवारी बाई कॅमेरा गळ्यात अडकवून सरावाला गेल्या. सराव संपल्यावर भिंगरी खांद्यावर टॉवेल टाकून शेजारी येऊन बसली आणि ओल्या बोटांनी एकेक फोटो पुढे सरकवू लागली.

मनोऱ्यावर उभी असलेली भिंगरी. मग रिकामा मनोरा. मग छतावरचे दिवे. मग पाण्यावरचा फेस. शिडीवरून बाहेर येणारी भिंगरी. पुन्हा रिकामा मनोरा, पुन्हा फेस. एका फोटोत बाईंच्या स्वतःच्या चपला आल्या होत्या.

"नवा कॅमेरा आहे," बाई म्हणाल्या. "अजून हाताला बसला नाही."

भिंगरीने टॉवेलला बोटं पुसली. पुन्हा पहिल्यापासून सगळे फोटो बघितले.

"मी उभी आहे ते चांगले आलेत," ती हळूहळू म्हणाली. "पाण्यातून बाहेर येतेय तेही चांगले आलेत. मधलेच नाहीत. एकही नाही." तिने मान वर केली. "आई, तू डोळे मिटतेस?"

बाईंना खोटं बोलणं जमलं असतं, तर त्या तिथे बोलल्या असत्या.

"मागच्या वर्षी मला पदक मिळालं, तो सूर?"

"ऐकला होता," बाई म्हणाल्या. "आवाज फार छान झाला होता."

"ऐकलास." भिंगरीने कॅमेरा त्यांच्या मांडीवर ठेवला. तिचा चेहरा रागावलेला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "मी वर गेले की आधी तू कुठे बसलीयस ते शोधते. मला वाटायचं तू बघतेस."

ती कपडे बदलायला निघून गेली. घरी जाताना दोघी नेहमीसारख्या बोलल्या, भाजी काय करायची वगैरे, पण बाईंना त्या बोलण्यातला एकही शब्द नंतर आठवला नाही.

डेपोच्या समोर एक स्टुडिओ होता. ओळखपत्रांचे फोटो काढून काढून तिथल्या फोटोवाल्या काकांचं आयुष्य गेलं होतं. सोमवारी पाळी संपल्यावर बाई गणवेशातच त्यांच्याकडे गेल्या, कॅमेरा पुढ्यात ठेवला आणि काही न लपवता सगळं सांगून टाकलं. काकांनी रिकाम्या मनोऱ्याचे सगळे फोटो शांतपणे बघितले.

"फोटो सरळ आलेत," ते म्हणाले. "हात थरथरत नाही तुमचा. नवशिक्या माणसाचा एवढा स्थिर हात मी बघितला नाही."

"स्टिअरिंगची सवय."

"मग निम्मं काम झालंय. आता ऐका." काकांनी कॅमेऱ्यावरची चकती फिरवली. "या पेटीला पण पापणी असते. शटर म्हणतो आपण तिला. ती उघडते, उजेड आत येतो, ती मिटते. पापणी सावकाश हलली की धावणारं माणूस पुसट येतं. तुमची मुलगी दगडासारखी खाली येणार, म्हणजे पापणी झटकन उघडून झटकन मिटली पाहिजे. पण तेवढ्या वेळात उजेड थोडाच शिरतो. म्हणून हा दुसरा आकडा, आयएसओ, वाढवायचा. थोड्या उजेडातही भागतं. फोटोत वाळूसारखे दाणे दिसतील. दिसू देत."

"आणि फ्लॅश?"

"नाव काढू नका. वर उभ्या असलेल्या मुलीच्या डोळ्यांवर चमकला तर?"

बाईंनी फ्लॅश तिथल्या तिथे बंद करून घेतला.

"एकामागून एक धडाधड फोटो काढायची सोयही आहे यात," काका म्हणाले. "पण कॅमेऱ्याचं तोंड जिकडे, तिकडे मुलगी नसेल, तर ढीगभर रिकामे फोटो मिळतील. तिच्याबरोबर खाली यायला हवं. आणि त्यासाठी बघायला हवं. पापणी कॅमेऱ्याची मिटू दे, बाई. तुमची नको."

जाताना त्यांनी आणखी एक सांगितलं. "लगेच तिच्यावर शिकू नका. ज्याच्यासाठी जीव वरखाली होत नाही, अशा गोष्टींवर आधी हात बसवा."

तेव्हापासून डेपोत कुणाची धडगत राहिली नाही. फाटकातून आत वळणाऱ्या बस, पाना झेलणारा मेकॅनिक, कॅन्टीनच्या दाराशी शेपूट हलवणारं कुत्रं, बाईंनी कशालाही सोडलं नाही. फोटो मात्र भयंकर यायचे. बसचं मागचं चाक तेवढं. कुत्र्याचं शेपूट तेवढं. मेकॅनिक पूर्ण आला, पण पाना कुठे गेला त्याचा पत्ता नाही. घरी सासूबाई गच्चीवर धुतलेल्या चादरी झटकत होत्या, त्यांचाही काढला.

"माझं डोकं कुठंय?" सासूबाईंनी विचारलं.

"वर राहिलं."

"माणसाचा फोटो काढताना निदान डोक्यापासून सुरुवात करावी," असं म्हणून त्या नाक मुरडून पुन्हा चादरींकडे वळल्या.

चूक कुठे होते ते बाईंना गाडी चालवताना कळलं. समोर एक सायकलवाला रस्त्याच्या मधोमध डुलत चालला होता. बाईंनी ब्रेकवर पाय ठेवला आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं, की आपण सायकलवाल्याकडे बघतच नाही आहोत. तो पुढच्या क्षणी जिथे असणार आहे, त्या जागेकडे बघतोय. वर्षानुवर्षं हेच करत आलो. आणि कॅमेरा हातात आला की मात्र जे दिसलं त्याच्या मागे धावतोय. बोट दाबेपर्यंत ते निघून गेलेलं असतं.

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी हातपाय धुवायच्या आत कॅमेरा उचलला. "आई, ती चादर परत भिजवून झटकाल का?"

"वाळलेली चादर?" सासूबाईंनी सुनेच्या तोंडाकडे बघितलं. तिथे त्यांना काय दिसलं असेल ते असो. त्यांनी चादर बादलीत बुडवली, पिळली आणि झटकली. बाई चादरीकडे बघत नव्हत्या. ती जिथे फटकारली जाणार होती, तिथे त्यांची नजर आधीच जाऊन बसली होती.

फोटोत चादर शिडासारखी ताणलेली होती. तिच्या कडेवरून उडालेला थेंबन् थेंब हवेत सुटासुटा लटकत होता आणि थेंबांच्या मागे सासूबाई, ओठ आवळून, एखाद्या घोड्याला आवरावं तशा उभ्या होत्या. सासूबाईंनी तो फोटो बराच वेळ बघितला.

"ताकद आहे अजून माझ्या हातांत," त्या म्हणाल्या, आणि संध्याकाळी शेजारणीला बोलावून दाखवला.

इतकं झालं तरी तरणतलावावर गाडं अडलेलंच होतं. आता बाईंना भिंगरी मनोऱ्याच्या कडेपर्यंत जाताना, हात वर करताना, उडी घेताना सुद्धा टिपता यायची. पण पाय सुटले की डोळे मिटलेच. बाई स्वतःवर चिडायच्या, पापण्या ताणून धरायच्या, उपयोग शून्य. भिंगरी दरवेळी फोटो बघायची आणि "चांगलेत" म्हणायची. तिचं ते समजूतदार "चांगलेत" बाईंना टोचायचं.

शेवटी कोच मॅडमच एका संध्याकाळी त्यांच्याजवळ आल्या. त्या रागीट म्हणून प्रसिद्ध होत्या. मुलं त्यांच्या शिट्टीला वचकून असायची.

"तुम्ही खालून बघता म्हणून घाबरता," त्या म्हणाल्या. "खालून ती पडताना दिसते. चला माझ्याबरोबर वर."

"मी? तिकडे?"

"कॅमेरा राहू द्या गळ्यात. दोन्ही हातांनी कठडा धरा."

बाई चढल्या. लोखंडी पायऱ्या ओल्या होत्या आणि पावलांखाली घुमत होत्या. अर्ध्यावर त्यांनी परतायला मान वळवली, पण मागे मॅडम होत्या आणि मॅडमना "थांबा" म्हणायची कुणाची छाती नव्हती. वर पोचल्यावर बाई आधी खालीच बसल्या. मनोऱ्याचा माथा त्यांना वाटला होता त्यापेक्षा बराच रुंद होता, एखाद्या लहान खोलीएवढा, आणि त्यावर खरखरीत जाजम होतं. कडेला मात्र काहीच नव्हतं. कडेच्या पलीकडे थेट निळं पाणी.

मागून ओल्या पावलांचा आवाज आला. "आई?" भिंगरी म्हणाली. "तू इथे कशी?"

"मॅडमनी आणलं." बाईंनी जाजम दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. "तुला इथे भीती नाही वाटत?"

"वाटते ना." भिंगरी त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली. "पायऱ्या चढताना वाटते. इथे उभं राहिल्यावर तर जास्तच. पण निघाले की नाही वाटत. मग कामच एवढं असतं."

"कसलं काम?"

"बघायचं. तुला वाटतं मी आंधळ्यासारखी फिरते? प्रत्येक गिरकीला मला आधी छत दिसतं, मग पाणी. छत, पाणी. छत, पाणी. तिसऱ्या पाण्याला मी अंग उघडते. तिसरं पाणी दिसलं की पाय सोडायचे आणि हात लांब करायचे, बस."

"तुझे डोळे उघडे असतात?"

"मग? मिटले तर आपटेन की."

ती हे इतक्या सहज म्हणाली, की मॅडम तोंड फिरवून हसल्या. बाईंनी मात्र मुलीकडे असं बघितलं, जसं बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. आजवर त्यांना वाटत होतं, की वर एक घाबरलेलं लेकरू आहे आणि खाली आपण काहीच करू शकत नाही. वर एक ड्रायव्हर होती. समोर काय येणार ते बघून वेळेवर वळण घेणारी.

"एकदा दाखव," बाई म्हणाल्या.

भिंगरी उठली, कडेपर्यंत गेली आणि निघून गेली. बाई बसल्या जागेवरून पुढे वाकल्या. "छत, पाणी," असं त्यांनी मनात धरलं आणि दुसऱ्या छताला डोळे मिटले. पण त्याआधीचं त्यांना दिसलं होतं. पहिल्यांदाच.

पुढचे सगळे दिवस त्या "छत, पाणी" असंच पुटपुटत होत्या. एकदा सिग्नलला थांबल्या असताना मागच्या सीटवरच्या आजोबांनी काळजीने विचारलं, "बाई, कुठं पाणी गळतंय का छतातून?"

स्पर्धेच्या दिवशी तरणतलाव माणसांनी फुलून गेला होता. सासूबाई इस्त्रीचे कपडे घालून पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि दुसऱ्या क्लबच्या मुलींकडे संशयाने बघत होत्या. मॅडमनी बाईंना बाजूच्या भिंतीशी उभं राहायची परवानगी काढून दिली होती. तिथून मनोरा बाजूने दिसायचा आणि भिंगरी बाईंपासून साधारण त्याच्या कडेएवढ्याच अंतरावर राहून खाली येणार होती, म्हणून बाईंनी कडेवर फोकस धरून तो तिथेच ठेवला. शटर जलद. आयएसओ वर. फ्लॅश बंद आहे ना, हे त्यांनी पुन्हा पुन्हा तपासलं.

आधीच्या फेऱ्यांत बाईंनी इतर मुलींवर हात बसवला. भिंगरीच्या पाळीला मात्र कधी पहिल्या गिरकीला, कधी दुसऱ्या गिरकीला डोळ्यांनी दगा दिला. शेवटची फेरी आली तेव्हा एक उंच मुलगी सर्वांच्या पुढे होती आणि भिंगरी तिच्या पाठोपाठ. सगळ्यात शेवटचा सूर भिंगरीचा होता, आणि सगळ्यात अवघडही.

ती वर आली. कडेशी उभी राहिली आणि तिची नजर रांगांवरून फिरू लागली. आपल्याला शोधतेय, हे बाईंना कळलं. त्यांनी कॅमेरा चेहऱ्यावरून खाली घेतला. भिंगरीला त्या सापडल्या. बाईंनी हात हलवला नाही की मान डोलावली नाही. नुसतं तिच्याकडे बघितलं, नीट, डोळ्यांत तेल घालून. मग कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला.

भिंगरीने श्वास घेतला. हात वर गेले. पाय सुटले.

छत, पाणी. पोरगी गोळा होऊन फिरत होती आणि बाई तिच्याबरोबर खाली येत होत्या. छत, पाणी. पापण्यांनी ओढ घेतली. बाईंनी त्यांना जुमानलं नाही. त्यांची नजर मुलीच्या पुढे जाऊन, ती जिथे उघडणार होती तिथे वाट बघत थांबली. छत. तिसरं पाणी. भिंगरी उघडली. आवळलेली मूठ एकदम सुटावी तशी. बाईंचं बोट दाबलं गेलं.

मग नवं कापड टरकवल्याचा तो आवाज आला. बाईंनी तो या वेळी ऐकला, आणि ज्याच्यामुळे तो आला तेही बघितलं: आधी हात, मग डोकं, मग खांदे, मग जुळलेल्या टाचा, एका छोट्याशा भोकातून गेल्यासारखं सगळं पाण्याखाली गेलं आणि वर जेमतेम एक उसळी उठली.

लोक उभे राहिले. फलकावर गुण लागले. क्षणभर बाईंना ते वाचताच आले नाहीत, कारण डोळे भरून आले होते. पहिल्या रांगेत सासूबाई शेजारच्या अनोळखी बाईंचा दंड धरून, "आमची आहे, आमची," असं सांगत होत्या, तेव्हा बाईंना कळलं, की भिंगरी पहिली आली.

भिंगरी मॅडमच्या मिठीतून सुटून, निथळत, थेट भिंतीशी आली. पदकाचं काही बोलली नाही.

"बघितलास?"

"बघितला," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या गिरकीला तुझा डावा गुडघा जरासा सुटला होता. मग तू परत आवळलास."

भिंगरी त्यांच्याकडे बघतच राहिली. मॅडम मागून येऊन म्हणाल्या, "मी हेच सांगणार होते. डावा गुडघा." तेव्हा भिंगरी हसायला लागली, आणि हसता हसता तिने ओल्या अंगाने आईला अशी घट्ट मिठी मारली, की कॅमेरा दोघींच्या मधे चेपला.

"अगं, भिजेल तो," बाई म्हणाल्या, पण सोडवून घेतलं नाही.

मग फोटो बघितला. दाणे होते, काकांनी सांगितल्यासारखे. कोपऱ्यात एका परीक्षकाचं कोपर आलं होतं. आणि मधोमध भिंगरी होती. डोकं खाली, हात लांब होत असलेले, केसांतून उडालेल्या थेंबांचा अर्धा गोल तिच्याभोवती. पाणी अजून वीतभर दूर. तिचे डोळे टक्क उघडे होते आणि जिभेचं टोक दातांत धरलेलं होतं, चित्र रंगवताना लहानपणी धरायची तसं.

"जीभ," मॅडम कडाडल्या. "जीभ आत ठेवायची, किती वेळा सांगितलंय?"

"डोकं आख्खं आलंय हिचं," सासूबाई मागून मान उंच करून म्हणाल्या. "शिकली बरं का माझी सून."

भिंगरीने कॅमेरा हातात घेतला आणि फोटो डोळ्यांजवळ नेला. या पोरीला एका जागी इतकं स्थिर उभं राहिलेलं बाईंनी कधी बघितलं नव्हतं.

"मी अशी दिसते?" अखेर तिने विचारलं.

"अशीच," बाई म्हणाल्या.

बक्षिसं वाटून झाल्यावर लहान मुलांची स्पर्धा सुरू व्हायची होती. मनोऱ्याशेजारच्या, सूर मारायच्या बुटक्या फळीशी टोप्या घातलेल्या मुलांची रांग लागली. गर्दीतून एक गृहस्थ वाट काढत बाईंजवळ आले. त्यांनी भिंगरीचा फोटो कुणाच्या तरी खांद्यावरून बघितला असावा.

"माझी मुलगी आहे त्या रांगेत," ते म्हणाले. "पहिलीच स्पर्धा. तिचा एखादा फोटो काढाल का? माझे हात कापतायत."

बाईंनी कॅमेरा भिंगरीच्या हातातून परत घेतला. काचेवर तिच्या बोटाचा ओला ठसा उठला होता, तो त्यांनी पदराच्या टोकाने टिपला.

"काढते की," त्या म्हणाल्या. "तुमची कुठली?"

"ती पिवळ्या टोपीतली."

"माझ्या शेजारी उभे राहा," बाईंनी सांगितलं, आणि भिंतीला पाठ टेकवून, पाय थोडे फाकवून, फळीच्या टोकावर नजर लावली.